मेजर पाया पडतो

वाळव्याकडच्या एका खेड्यात चंद्राबाई म्हणून बाई आहेत. त्यांच्या तोंडून कधी वावगा शब्द निघालेला कुणी ऐकलेला नाही. म्हैस माजावर आली तर त्या गड्याला म्हणणार, "तिला जरा खालच्या वस्तीवर फिरवून आन जा." गडी समजून जायचा. कुणा पोरीला दिवस गेले तर, "तिला हल्ली आंबट लय गोड लागतंय." झालं! जगातल्या सगळ्या अडचणीच्या गोष्टींवर त्यांनी असा पदर टाकून ठेवला होता.

अशा बाईच्या गळ्यात मेजर पडला. मेजर म्हणजे कुत्रा. लेक धैर्यशील लष्करात. सुट्टीवर आला तेव्हा हे तपकिरी पिल्लू घेऊन आला, नाव ठेवलं मेजर आणि आईच्या ओटीत टाकून गेला आसामला. चंद्राबाईंनी त्याला लेकासारखा वाढवला. धैर्यशीलची आठवण आली की त्याच्याशीच बोलत बसायच्या. मेजर वयात आला आणि मग जे व्हायचं ते झालं.

चंद्राबाईंचे मालक लालासाहेब, रिटायर हवालदार. त्यांचे सख्खे मामा नाथाजी एकदा घरी आले. पंचाहत्तरी उलटलेला माणूस, फेटा, कडक इस्त्रीचं धोतर. चंद्राबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येतात तोवर मेजर सुसाट आला, मामांच्या पोटरीला पुढच्या पायांनी मिठी मारली आणि भर सोप्यात, चार माणसांच्या देखत सुरूच झाला की!

चंद्राबाईंचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं त्यांना.

"आरं आरं, ह्ये काय करतंय?" मामांनी विचारलं.

"पाया पडतंय, मामा," चंद्राबाईंच्या तोंडून निघून गेलं. "धैर्यशीलनं शिकिवलंय."

मामा विरघळले. "बघा रं! आताची पोरं कंबरंत वाकत न्हाईत, आन ह्ये मुकं जनावर..." त्यांनी मेजरच्या डोक्यावरून हात फिरवला, औक्षवंत हो म्हणाले आणि चहातलं बिस्कीट त्याला भरवलं. लालासाहेबांना खरं काय ते दिसत होतं, पण मामांपुढं काय बोलणार? त्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

वेळ मारून नेली म्हणून चंद्राबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. कसली सुटका घेऊन बसलात! आठवड्यात गावभर झालं, चंद्राबाईंचं कुत्रं थोरामोठ्यांच्या पाया पडतं. वरच्या आळीच्या म्हाताऱ्या साळूबाई देवळातून येताना मुद्दाम वाकडी वाट करून यायला लागल्या. म्हातारी माणसं ओट्यावर बसून आपण होऊन पाय पुढं करायची. मेजर कुणालाच नाराज करत नव्हता. आशीर्वाद काय, पेढा काय, खोबरं काय! आणि चंद्राबाई दाराआड पदर तोंडात कोंबून उभ्या. रोज नव्यानं हादरायच्या, पण खरं सांगायची काही हिंमत होत नव्हती.

मग ते अंगाशी आलंच. मामा पुन्हा आले. मेजरला त्यांची गाडी लांबूनच कळली. मामा पायरी चढत होते, त्यानं मागून झेप घेतली आणि मामा हातावर आपटले. मिरजेला नेलं. मनगट मोडलं होतं.

लालासाहेब प्लास्टर घातलेल्या मामांना सोडून घरी आले ते तापूनच. "बास झालं ह्येचं. रविवारी पाटणच्या घाटात सोडून येतो."

चंद्राबाईंना तो घाट ठाऊक होता. घाटात बिबट्या. आणि धैर्यशील फोन करून आधी मेजरची चौकशी करतो, मग बापाची! त्याला काय सांगायचं? नवऱ्याला न विचारता त्यांनी मेजरला टमटममध्ये घातलं आणि तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं.

"काय करतो नेमकं, काकू?"

"पाया पडतंय."

तेवढ्यात मेजरनं तिथल्या मदतनिसाचा पाय धरला. डॉक्टरीणबाई बघत राहिल्या. "हे?"

"व्हय," चंद्राबाई भिंतीकडं बघत म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी हसू गिळलं, मेजरला नीट तपासलं. दुखणं काही नव्हतं. तो असं करतो तेव्हा घरचे-दारचे काय करतात, तेही विचारून घेतलं. "काकू, वंगाळ नाही हो तो. माणसं आली की आनंद मावत नाही, तो असा बाहेर पडतो. पण तुम्ही वर हात फिरवता, पेढे देता. त्याला वाटतं, हेच आपलं काम. ऑपरेशन केलं तर थोडा फरक पडेल, पण शिकवलेलं तसं जात नाही. पायाशी आला की पाठ फिरवायची. ओरडायचं नाही, हसायचं नाही. खाली बसला तरच लाड. आणि हे येणाऱ्या प्रत्येकानं करायचं."

"परत्येकानं? म्हंजी समद्यांना सांगाय लागंल?"

"सांगावंच लागेल."

चंद्राबाईंनी मेजरकडं बघितलं. लेकराला ही खोड लावली कुणी? आपणच की!

रविवारी जीप दारात लागली. लालासाहेबांनी मेजरच्या गळ्यात दोरी बांधली. त्याला निरोप द्यायला सोप्यात गावातली जाणती माणसं जमलेली, मामाही गळ्यात हात अडकवून आलेले. मामांनाच जास्त वाईट वाटत होतं. "जाता जाता एकदा आशीर्वाद घिऊ दे त्याला," म्हणत त्यांनी पाय पुढं केला. "ये रं बाळा."

"मामा, पाय मागं घ्या!"

सगळे दचकले. डोक्यावरचा पदर घसरलेला, आणि चंद्राबाई उंबऱ्यावर उभ्या. "त्यो पाया पडत न्हाई. कवाच पडला न्हाई. म्हशीवर रेडा चढतो न्हवं, तसं करतोय त्यो. मी खोटं बोलले. लाजंपायी बोलले!"

लालासाहेबांच्या हातातली दोरी सुटली तरी त्यांना पत्ता नाही. साळूबाईंनी लुगड्याचा घोळ घट्ट आवळला. मामांचा चेहरा आधी पांढरा, मग लालबुंद.

"म्हंजी... मी औक्षवंत हो म्हनायचो, तवा बी?"

"तवा बी."

"दर येळंला?"

"दर येळंला, मामा. त्याला हाकलू नका. येईल तवा निस्ती पाठ फिरवा, डॉक्टरीन म्हनली. दोष माझा हाय. घाटात सोडायचंच तर मला सोडा." आणि त्या रडायलाच लागल्या.

दोरी सुटलेला मेजर शेपूट हलवत निघालाच होता. मामा धडपडत उठले आणि त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. ते बघून बाकीचेही एकेक करत वळले. एवढी जाणती माणसं, फेटे-टोप्या घालून, भिंतीला नाक लावून उभी! मेजर या पायाकडून त्या पायाकडं गेला, कुंईकुंई केलं. कुणी वळलं नाही. शेवटी कंटाळून तो मधोमध बसला.

"बसलं का गं, सूनबाई?" मामांनी भिंतीलाच विचारलं.

"बसलं, मामा."

"मग लाला, ती जीप मागं घे. आपन समद्यांनी शिकिवलं, आन घाटात ह्येनं एकट्यानं जायचं व्हय?"