तिसरी शिट्टी

संध्याकाळी मी भाताचा कुकर लावला की हे मोबाइलवर पैसे लावून रमी खेळायला बसतात. मागे एकदा खेळताना भान सुटलं, तेव्हापासून यांनीच नियम केलाय: तिसरी शिट्टी झाली की खेळ बंद, जिंकत असले तरी. स्वतःला आवरायला कुणी देवाची शपथ घेतं. यांनी माझा कुकर धरला.

काल मी कुकरवर शिट्टी ठेवायलाच विसरले. वाफ नुसतीच जात राहिली. लक्षात आलं तेव्हा वाटलं, हे अजून खेळतच असतील. वळून पाहिलं, तर हे रिकाम्या हातांनी दारात उभे.

"अगं, शिट्टी होत नाहीये. भात करपेल."

"आणि डाव?"

"पानं चांगली आली होती," हे म्हणाले आणि ताटं घ्यायला लागले.