गूळ घातलेल्या चोवीस बाटल्या

श्रुतिका करवंदाची वाईन करते. पोलादपूर तालुक्यात कापड्याला तिची शेड आहे. शेड तिची, खालची जमीन भावाची. वडील गेले तेव्हा तिने हक्कसोड दिली, जशी आमच्याकडे सगळ्या बहिणी देतात. बाकीच्या कागद न वाचता सही करतात. तिने वाचला आणि मग केली.

मी तिच्याकडे बाटल्या धुतो आणि पेट्या उचलतो. त्याआधी एकोणीस वर्षं कुवेतला पाइपलाइनवर होतो. माणूस काम कसं करतो एवढं मला कळतं, तेवढंच लिहितो.

महाडच्या कॉलेजात ती शिकली. नंतर सात वर्षं नाशिकला एका वाईन कंपनीच्या प्रयोगशाळेत होती. तिथून परत आली ती करवंदाची वाईन करायला. परवान्यात दोन वर्षं गेली. नवरा एसटीत कंडक्टर, त्याची हरकत नव्हती. गावाची होती. तिची चुलती प्रयागबाई भर रस्त्यात म्हणाली, "शिकलीस ती दारू गाळायला का गो?"

"हो," श्रुतिका म्हणाली. "तुमच्या रानातली करवंदं पण घेईन. पिकलेली असली तर."

लहानपणी करवंद फोडायच्या आधी आम्ही विचारायचो, कोंबडा की कोंबडी? आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. ही बाई मे महिन्यात जाळीजाळीला हिंडते, प्रत्येक जाळीचं एक फळ फोडते, आणि लाल निघालं तर जाळीला सुतळी बांधते. सुतळीच्या जाळीचीच करवंदं टाकीत जातात. मी हातमोजे आणून दिले. घातले नाहीत. पिकलेलं फळ बोटाला कळतं, मोज्याला कळत नाही, म्हणाली. हात काट्यांनी सोलून निघाले होते.

भाऊ सहदेव तिच्याहून चार वर्षांनी मोठा. मुंबईला एका मॉलमध्ये सुपरवायझर होता, तो गावी परत आला. शेडच्या जागेवर त्याला गाड्या धुण्याचं सेंटर टाकायचं होतं. नोव्हेंबरात माझ्यासमोर त्याने तिला सांगितलं, "फेब्रुवारीपर्यंत भायेरच्या देशातला एक तरी पर्मनंट गिऱ्हाईक दाखव. नायतर शेड खाली कर."

"आणि दाखवला तर?"

"तर जागा तुझ्या नावावर. शब्द हाय माझा."

तिने सिंगापूरचा एक एजंट गाठला. नमुन्याच्या दोन पेट्या डिसेंबरात कागदपत्रांसह पुढे गेल्या. जानेवारीच्या शेवटी आम्ही तिघे विमानात बसलो. सहदेव आला, कारण बहिणीला एकटीला पाठवलं असं गावात कोणी म्हणायला नको. मी आलो, कारण पेट्या उचलायला माणूस लागतो आणि माझ्याकडे पासपोर्ट होता.

एजंटाचं गोदाम कोंदट होतं. पेट्या महिनाभर तिथे पडून होत्या. त्यातल्या सहा बाटल्या पिशवीत घालून आम्ही पहिल्या दुकानात गेलो. दुकान मोठं, थंडगार, बाटल्या जमिनीपासून छतापर्यंत. मालक चिनी, पांढऱ्या शर्टातला. त्याने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, दहा मिनिटं आहेत.

त्याने स्वतःच बाटली उघडायला घेतली. वरचा कागद सोलला तोच कॉर्क सुटला आणि छताला लागला. मागोमाग जांभळा फेस. त्याच्या शर्टावर, गल्ल्यावर, उघड्या वहीवर.

"ही वाईन नाही," तो म्हणाला. "बाहेर काढा हे."

श्रुतिकाने फडकं मागितलं. त्याने दिलं नाही. तिने आपली ओढणी घेतली, गुडघ्यावर बसली आणि फरशी पुसली. कपाटाखालीही हात घालून पुसलं. तो दाराला हात लावून उभाच होता. मी पुसायला वाकलो तर म्हणाली, "तुम्ही पिशवी सांभाळा."

बाहेर फुटपाथवर तिने त्याच बाटलीतला उरलेला घोट घेतला. तोंडात फिरवला. थुंकला.

"यात गूळ आहे."

सहदेव रस्त्याकडे बघत राहिला.

"दादा, यात गूळ कोणी घातला?"

"मी," तो म्हणाला. "पाक करून, गाळून घातला. चोवीसच्या चोवीस बाटल्यांत. तू महाडला कागद करायला गेलेलीस तवा. आंबटढाण होती ती! आपल्या दारात पावणा आला तर आपण पयला गूळपाणी देतो. आणि ह्या लोकान्ला पयल्याच घोटाला आंबट पाजायचं? लाज वाटली मला."

"बाटलीत पुन्हा आंबली ती. गुळाने. गॅस धरला."

"मला काय म्हाईत? मी काय तुझ्यासारखा सायंटिस्ट हाय?"

"म्हणून विचारायचं असतं."

"माझ्या जागेत मी कुणाला विचारू?"

मग मला बोलावं लागलं. "कॉर्क मी बसवले. तुझं सांगणं आहे असं तो म्हणाला. मी तुला विचारलं नाही."

ती माझ्याकडे वळली. "काका, चोवीस कॉर्क काढून पुन्हा बसवले तुम्ही. एकदाही मनात आलं नाही, का म्हणून?"

नव्हतं आलं. काम सांगितलं, केलं.

पुढच्या दोन जागी आम्हाला आतच घेतलं नाही. दुकानदाराने एजंटाला फोन केला होता, एजंटाने बाकीच्यांना. एकाने काचेआडूनच हात हलवला, माशा हाकलाव्यात तसा. सहदेव मराठीत शिव्या देत त्याच्या आईपर्यंत पोचला. श्रुतिका पुढे निघून गेली होती.

एजंटाने दिलेल्या यादीत एकच जागा उरली. मासळीचं हॉटेल, मालकीण तमिळ, सत्तरीची. तिच्याकडे जाण्याआधी श्रुतिका खोलीवर गेली. स्वतःच्या बॅगेत तिने दोन बाटल्या आणल्या होत्या, निघायच्या आदल्या दिवशी टाकीतून भरलेल्या. त्यातली एक घेतली. चोवीसमधली एकही घेतली नाही.

मालकिणीने आम्हाला पुढच्या दाराने येऊ दिलं नाही. मागे, जिथे मासळीच्या पेट्या उतरतात तिथे उभं केलं. अर्ध्या तासाने आली. हाताला खवले चिकटलेले.

"तुमचं ऐकलं मी," ती इंग्रजीत म्हणाली. "माझं स्वयंपाकघर रंगवायला आलात का?"

"तुम्ही उघडू नका. मी उघडते," श्रुतिका म्हणाली.

तिने कपड्यात धरून कॉर्क काढला. काही झालं नाही. मालकिणीने आतून तळलेल्या माशाचा तुकडा आणला, खाल्ला, वर घोट घेतला. पुन्हा तुकडा, पुन्हा घोट.

"आंबट आहे."

"हो. तशीच असते."

"माशाबरोबर चालेल. मग त्या दुकानात काय झालं?"

सहदेव घाईने पुढे झाला. "मॅडम, गोदाम बहुत गरम था. एजंट का मिस्टेक." मग तेच मोडक्या इंग्रजीत.

म्हातारीने त्याच्याकडे बघितलंही नाही. श्रुतिकाला विचारलं, "खरं आहे?"

हो म्हणणं सोपं होतं. गोदाम खरोखरच कोंदट होतं. श्रुतिका म्हणाली, "नाही. माझ्या भावाने गूळ घातला. आणि पाठवण्याआधी मी एक बाटली उघडून बघायला हवी होती, ती बघितली नाही."

सहदेवचा चेहरा पडला. एवढं इंग्रजी त्याला कळतं.

म्हातारीने हात पुसले. "वर्षाला तीस पेट्या घेईन. एक जरी फुटली तर सगळ्या परत. आणि हा माणूस मालाच्या जवळ दिसता कामा नये. ना माझ्या दारात, ना तुझ्या कारखान्यात."

श्रुतिकाने कॉर्क पुन्हा बाटलीला बसवला. सहदेव तिच्याकडे बघत होता. आत कढईत काहीतरी चरचरत होतं.

"ठीक आहे," ती म्हणाली.

परतीच्या विमानात तो दोन रांगा मागे बसला. पोलादपूरला एसटीतून उतरल्यावर पिशवी खांद्याला लावून तिला म्हणाला, "शब्द दिलेला, तो पाळीन. जागा घे. पण परक्या बाईसमोर भावाला चोर केलास तू. ह्या भाऊबीजेला येऊ नको. पुढच्याही नको."

"चोर नाही म्हटलं," ती म्हणाली. "केलंस ते सांगितलं."

"एकच हाय ते."

त्याने शब्द पाळला. पंधरा दिवसांत कागद झाला, शेडखालची तेवढीच जागा, बोटभर जास्त नाही. त्याच आठवड्यात त्याच्या अंगणातून शेडकडे जाणाऱ्या वाटेवर त्याने काट्यांची वई घालून ती वाट बंद केली. दोन दिवस एकट्याने राबला. चांगली घातली आहे, कुठे फट नाही.

आता पेट्या ओढ्याच्या बाजूने न्याव्या लागतात. चढ आहे आणि दोनशे दहा पावलं जास्त पडतात. श्रुतिका एका खेपेला एक पेटी नेते, मी एक. पहिल्या तीस पेट्या जूनच्या आधी रस्त्याला पोचवायच्या आहेत. सहदेव अंगणात खुर्ची टाकून बसतो आणि आमच्याकडे पाठ करतो.