विष्णुपुरीच्या काठावर राहिलेली गादी

लातूरहून यॉटच्या शर्यतीला निघालोय असं सांगितलं की लातूरकर आधी माझ्याकडे बघतो, मग आभाळाकडे. ज्या गावाने पिण्याचं पाणी रेल्वेने येताना पाहिलंय, त्याने दुसरं काय करावं? पण नांदेडजवळ विष्णुपुरीच्या धरणावर आमचा एक चिमुकला क्लब आहे. शिडाच्या पाच जुन्या यॉट, तितकेच हौशी मालक, आणि थंडी ओसरताना वर्षातून एक शर्यत. आम्ही सलग तीन वर्षं चौथे आलो होतो. यंदा जिंकायचंच, असं दिनकरने ठरवलं. दिनकर म्हणजे माझा मित्र, औषधांचा दुकानदार आणि आमच्या यॉटचा निम्मा मालक.

शनिवारी सकाळी सहाला त्याच्या गाडीने निघालो. अहमदपूर, लोहा, नांदेड असा सरळ रस्ता, तीनेक तास. एसटीही भरपूर आहेत, फक्त खिडकी धरा आणि ती उघडते का ते बसण्याआधी बघा. डब्यात धपाटे आणि दही होतं, ते अहमदपूरच्या पुढे एका चिंचेखाली संपवलं. राहायला नांदेडात स्टेशनजवळ हजाराच्या आत-बाहेर बरी खोली मिळते. आम्ही मात्र यॉटवरच झोपतो. आमच्या सगळ्या यॉट मुक्कामाच्या आहेत: आत गादी, शेगडी, पाण्याचे कॅन, असा आटोपशीर संसार.

आणि इथेच शर्यतीचं शास्त्र सुरू होतं. रिकामी यॉट पळते, संसारी यॉट रखडते. म्हणून क्लब प्रत्येक यॉटला एक आकडा देतो, त्याला हँडिकॅप म्हणतात. शर्यतीला लागलेल्या वेळाला त्या आकड्याने गुणायचं, गुणाकार ज्याचा कमी तो पहिला. सामान जास्त, तर आकडा लहान. अट एकच: जे सामान दाखवून आकडा घेतला, ते शर्यतीत यॉटवर असलं पाहिजे. आमच्या क्लबात वजनकाटा नाही की तपासनीस नाही. मालकाने सांगायचं, सचिवांनी लिहून घ्यायचं. नवीन सभासदांना हे सगळं मी समजावतो. माझ्यासारखा संस्कृत शिकलेला माणूस खोटं बोलणार नाही, अशी इथे एक भाबडी समजूत आहे.

दुपारी माणिकराव आणि काकू आले. धर्माबादकडचं शेतकरी जोडपं, दोघंही साठीच्या पुढचे. शेती मुलाकडे सोपवून माणिकरावांनी पाचांतली एक यॉट घेतली, आणि काकू घरातली निम्मी भांडी घेऊन तिच्यावर चढल्या. मिरच्या कुटायचा खलबत्तासुद्धा आहे. त्यांचा आकडा सगळ्यांत लहान आणि नंबर कायम शेवटचा. संध्याकाळी त्यांनी आम्हाला भाकरी आणि येसराची आमटी खाऊ घातली. माणिकरावांचे गुडघे आता कुरकुरतात, निजामाबादचा एक जण यॉट मागतोय, हे जेवताना कळलं.

"या साली पयला नंबर आला तर ठेवू," काकू म्हणाल्या, "न्हाईतर इकायची. बोली झालीय आमची."

"आन् येणार हाय," माणिकराव म्हणाले. "नवं शीड शिवून आणलंय, गुरुजी."

शीड खरंच सुरेख होतं. दिनकरने ते जरा जास्तच वेळ पाहिलं.

रविवारी सकाळी त्याने कल्पना मांडली: दोन तासांच्या शर्यतीत शेगडी कशाला, गादी कशाला? मी तिला संस्कृत पुरवलं. योगशास्त्रात अपरिग्रह सांगितलाय आणि लघिमा नावाची, हलकं होण्याची सिद्धीही आहे, असं काहीसं बोललो. एवढी वर्षं शिकलेल्याचा असा उपयोग करताना लाज वाटायला हवी होती. ती वाटली, पण सामान उतरवून झाल्यावर. गाडी वर, लांब लावलेली होती आणि दिनकरची पाठ दुखत होती, म्हणून शेगडी, पाण्याचे दोन कॅन, मोठा नांगर आणि गादी काठावरच एका बाभळीमागे ठेवली.

शिट्टी झाली. आम्ही सुटलो ते तीरासारखे. मागे वळून बघतो तर माणिकरावांची यॉट अजून काठाशीच. काकूंनी चहा टाकला असेल, असं मी म्हणालो, आणि दिनकर हसला. मग ते सुटले. नवं शीड असं भरलं होतं, की आमचं हसणं परतीच्या वळणावरच थांबलं. तरी पाण्यावर आम्ही बरेच पुढे राहिलो. सचिवांनी गुणाकार केले: आम्ही पहिले, माणिकराव दुसरे. फरक एका मिनिटाचाही नव्हता. पितळेचा एक जड तांब्या माझ्या हातात आला.

टाळ्या थांबतायत तोवर माणिकराव खांद्यावर आमचा नांगर घेऊन आले. मागे काकू, काखेत गादी.

"गुरुजी, तुमचा संसार काठावरच राहिला की. म्हणलं, वारं वाढलं तर बिननांगराचे काय करतील? आवाज दिला, तुमी लांब गेलता. मंग घेतलं आमच्यातच."

म्हणजे सुरुवातीची ती पाच मिनिटं त्यांनी आमचं सामान भरण्यात घालवली होती. आणि मग आमचं ओझं वाहत आमच्याशीच शर्यत केली होती.

मी काय म्हणालो असेन? आभार मानले. माणिकराव शेगडी आणायला वळल्यावर काकूंनी गादी माझ्या हातात दिली.

"नांगर इसरतो माणूस," त्या हळूच म्हणाल्या. "कॅनबी इसरतो. गुंडाळून, दोरीनं बांधून, वर पिशवी घातलेली गादी न्हाई इसरत कुणी."

परतताना लोह्याला भजी घेतली, पंधरा रुपये प्लेट, चांगली असावीत. दिनकर म्हणाला, कुणी तक्रार केली नाही, सोड. तांब्या माझ्या मांडीवर होता. अहमदपूरपर्यंत आम्ही दोघंही रस्त्याची स्तुती करत राहिलो.

घरी पोचताच सचिवांना फोन केला, घडलं ते सांगितलं आणि आमचं नाव काढायला लावलं. ते एवढंच म्हणाले, "तांब्या धर्माबादला पाठवा." पुढच्या वर्षी वजनकाटा आणायचा का, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसरा फोन माणिकरावांना. पहिला नंबर त्यांचा, यॉट विकायची नाही, हे आधी सांगितलं. मग कारणही सांगितलं, गादीसकट. पलीकडे कुठेतरी काकूंची भांडी वाजत होती.

"आसं व्हय," माणिकराव म्हणाले. मग आवाज खाली आणून, "गुरुजी, हिला नका सांगू ह्ये. लई मानती तुमाला."

मी नाही सांगणार म्हणालो.