खिडकीच्या फटीवरचा अहवाल

खाणीजवळच्या आमच्या घरात खिडक्या उघडायची सोय नाही. उघडल्या की ताटातल्या भातावर कोळशाची काळी धूळ बसते. माझ्याकडे कंपनीचे थोडे शेअर आहेत, म्हणून दरवर्षी अहवाल येतो आणि बायको त्याची गुळगुळीत पानं फाडून फटींवर चिकटवते. त्यांतून धूळ येत नाही. वाराही येत नाही.

आज ती चिकटवायची खळ ढवळत होती, मी यंदाचा अहवाल वाचत होतो. कोळशाला अजून पुष्कळ वर्षं मागणी राहील, शिवाय कंपनी आता युरेनियमही काढणार. मी तिथूनच निवृत्त झालो. मुलगा तिथेच लागलाय.

"काय लिहिलंय?" तिनं विचारलं.

"कंपनीला पुढे चांगले दिवस आहेत."

"मग खळ जरा घट्टच करते," ती म्हणाली.