नमुन्यापुरती कादंबरी

आमच्या अमरावतीच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत मातीच्या पिशव्या साचतात तसे किस्सेही साचतात. पिशव्यांवर निदान शेतकऱ्याचं नाव आणि गट नंबर असतो. किश्शांवर काहीच नसतं, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत कोणीही ते आपल्या नावावर खपवतं! हे मात्र वंदनाताईंचेच. काही मी पाहिले, काही त्यांच्या तोंडून ऐकले.

*

ताई आमच्या सीनिअर. त्यांची गार्गी नुकतीच दहावी झाली. एका बुधवारी ताई जाडजूड कादंबरी घेऊन आल्या, इंग्रजीतून मराठीत आलेली. रविवारी तिच्यावरचा पिक्चर बघायचा होता आणि लेकीची अट होती, "पयले पुस्तक पूर्ण वाच, मंग माह्यासोबत चाल." महिनाभर धड न बोलणारी पोरगी सोबत चल म्हणतेय, याचंच ताईंना अप्रूप.

*

रिटायरमेंटला आलेल्या नानांनी विचारलं, गोष्ट काय? मी मागचं कव्हर वाचलं. भविष्यातलं शहर. सोळा वर्षांची पोरं सरकार उचलून एका बंद इमारतीत ठेवतं. नावाऐवजी नंबर, फोन नाही, दर रविवारी परीक्षा, निकाल भिंतीवर.

नाना डबा उघडत म्हणाले, "यात भविष्यातलं काय हाये? अकोल्याचं होस्टेलच तं हाये हे."

आम्ही हसलो. ताई हसल्या नाहीत. अकोल्याच्या क्लासचा आणि होस्टेलचा फॉर्म, सही करून, त्यांच्या पर्समध्येच होता. सोमवारी पाठवायचा होता. गार्गीला जायचं नव्हतं, पण तिला विचारलं कोणी!

*

शुक्रवारपर्यंत ताईंची तीसच पानं झाली. मग नानांनी खात्याची पद्धत काढली. शेतातली माती आणली की आपण ढिगाचे चार भाग करतो, समोरासमोरचे दोन टाकतो, उरलेल्या दोनांवरून अख्ख्या शेताचा रिपोर्ट देतो. पुस्तकाचं वेगळं काय करायचं? ताईंनी पहिला आणि तिसरा भाग घेतला. दुसरा मी वाचून सांगितला. चौथा नानांनी वाचला आणि शनिवारी एवढंच म्हणाले, "शेवट बरा हाये."

*

त्याच संध्याकाळी गार्गीने आईला विचारलं, शेवट वाचला? ताई म्हणाल्या, वाचला, बरा आहे. पोरगी जेवली नाही. ताईंना वाटलं, तिला शेवट आवडला नसेल.

*

रविवारी पिक्चरच्या शेवटी नायिकेच्या हाती इमारतीचं रजिस्टर लागलं. पोरांना सरकारने कधी उचललंच नव्हतं. आईबापांनीच सह्या करून आणून दिलं होतं.

गार्गी पडद्याकडे बघत नव्हती. "हे वाचूनई तू फॉर्मवर सही तशीच ठेवली?" तिने विचारलं.

आपण शेवट वाचलाच नाही, हे सांगायची ताईंना लाज वाटली.

*

सोमवारी त्या आल्या त्या थेट नानांच्या टेबलाशी. पिक्चरचा शेवट त्यांच्या तोंडून ऐकून मलाही नानांचा राग आला.

"नाना, तुमी मले सांगतलं कावून नाही?"

नानांनी चष्मा काढून पुसला. "मी दोन पोरांच्या फॉर्मवर सह्या केल्या, ताई. अकोल्याच्याच. तो भाग मले तोंडानं सांगता नाही आला."

 ताईंनी पर्समधून फॉर्म काढून त्याचे चार तुकडे केले. सवयीने समोरासमोरचे दोन कचऱ्याच्या डब्यात टाकले. जरा थांबल्या, आणि उरलेले दोनही टाकले.