अर्धविरामानंतरची जागा

सूत्रकाका वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचतात. लाल पेन कानावर खोचून तेच टेबलभर शोधतात. घरी दूध उतू गेलं की "दुधाने मर्यादा ओलांडल्याचे सूत्रांकडून समजते" असं जाहीर करतात. नाव पडलं ते त्यावरून. जावयाचा उल्लेख 'तथाकथित इंजिनिअर' असा करतात.

काकांची हयात एकाच दैनिकात उपसंपादकाच्या खुर्चीवर गेली. दैनिक सत्ताधाऱ्यांचं. आपले दहा जमले की जनसागर, त्यांचे हजार जमले तरी घोळका. आपला नेता चर्चा करतो, त्यांचा खलबतं. मथळ्यात आधी घटना, मग अर्धविराम, मग विरोधकांचा कट. काकांचा हात आपोआप चालायचा.

त्या दिवशी नगरपालिकेवर रिकाम्या बादल्यांचा मोर्चा गेला. बातमीदाराने लिहून दिलं, 'मूठभर महिलांचा धुडगूस.' सोबत फोटो. सगळ्यात पुढे, बादली उगारून, काकू.

काकांच्या कानावरचं पेन पडलं.

तेवढ्यात काकूंचा फोन. "अहो, उद्याचा अंक मी वाचणार आहे. धुडगूस-बिडगूस दिसलं, तर जेवायला तुमच्या त्या सूत्रांकडे जा."

काकांनी 'मूठभर' खोडलं. 'धुडगूस'च्या जागी 'निदर्शने' घातलं. मागून संपादक वाकले.

"काय हो, पक्ष बदललात?"

"साहेब, फोटोत रस्ताभर बाया आहेत."

"मग फोटो कापा."

"पुढची कापता येणार नाही. घरची आहे."

संपादकांनी आधी फोटोतली बादली पाहिली, मग काकांना. "तुमचं तुम्ही निस्तरा. पण मथळ्यात विरोधकांचा कट पाहिजे म्हणजे पाहिजे."

काकांनी घरी फोन लावला. "अगं, तुम्हाला फूस कुणी लावली?"

"नळानं."

"तसं नव्हे. पक्ष कुठला?"

"आठवडा झाला, थेंब नाही. तुम्ही आंघोळ करता ते पाणी मी खालच्या गल्लीतून वाहून आणते. कळलं नाही तुम्हाला?"

खरंच कळलं नव्हतं. 'शहराला मुबलक पाणी' हा मथळा परवा काकांनीच दिला होता. त्यावर त्यांचा विश्वास बसला होता.

त्यांनी टाइप केलं, 'नळाला पाणी नाही;' आणि हात थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कट सुचेना.

काका उठले. ऑफिसच्या नळाखाली मोठा कॅन लावला, काठोकाठ भरला आणि खांद्यावर घेऊन, शर्ट भिजवत घरी निघाले. टेबलावरच्या स्क्रीनवर अर्धविरामापुढे कर्सर लुकलुकत राहिला.