हेमाचा बंगालीचा वर्ग

शकुन देवल कलकत्त्यातच जन्मली, तिथंच नर्स झाली आणि चाळिशीला आली तेव्हा बालीगंजच्या एका क्षयाच्या दवाखान्यात रोग्यांची कार्डं तिच्या ताब्यात होती. कपाटाची किल्ली ती कमरेला लावायची. डॉक्टरांनी कार्ड मागितलं तरी त्यांच्या हातात देऊन परत मिळेपर्यंत तिथंच उभी राहायची. कपाटापेक्षा ही बाईच भक्कम, असं सगळे म्हणत, आणि तिला ते आवडायचं.

बहात्तर साली बेहालाहून हेमा येऊ लागली. नवरा बँकेत अधिकारी, पुण्याहून बदली होऊन आलेला. दुखणं त्याला ठाऊक होतं, सासूला नाही. सासूला कळलं असतं तर हेमाची रवानगी माहेरी, कदाचित कायमची. म्हणून रोज इंजेक्शनला निघताना ती बंगालीच्या वर्गाला जाते असं सांगायची. शकुनने कार्डावर लिहिलं, 'घरी पत्र पाठवू नये.' पण वर्गाला जाणाऱ्या सुनेला थोडंतरी बंगाली यायला नको? मग शकुन रोज सुईबरोबर एक वाक्य द्यायची. कधी भाजीचं, कधी ट्रामचं. हेमा कंबर चोळत ते घोकायची.

एवढी खबरदार बाई, आणि घसरली ती बसमध्ये. घरी जाताना सोबतीला लीना असायची, तीही मराठी नर्स. बंगालीत शकुन रोग्यांबद्दल चकार शब्द काढायची नाही. पण मराठी इथं कोणाला कळतंय, ही तिथल्या सगळ्याच मराठी माणसांची समजूत. बेहालाच्या बँकवाल्यांच्या हेमाचा वर्ग तिने हसत हसत लीनाला रंगवून सांगितला. तेवढ्यात मागच्या बाकावरचे धोतर नेसलेले बंगाली गृहस्थ उठले.

"बाई, जरा वाट देता का? माझा स्टॉप आला," ते म्हणाले. तिचा चेहरा पाहून पुढे म्हणाले, "वीस वर्षं नागपुरात होतो." आणि उतरून गेले.

शकुन गप्प बसली असती तर कोणाला कळलंही नसतं. पण गुपित हेमाचं होतं; ते फुटलं असेल तर आधी तिला कळायला हवं. दुसऱ्या दिवशी सुई टोचण्याआधीच शकुनने सगळं सांगून टाकलं.

"तुमच्या भरवशावर होते हो मी," हेमा एवढंच म्हणाली. इंजेक्शन घेऊन गेली ती नऊ दिवस फिरकलीच नाही.

उपचार मध्येच तुटला की हा रोग मानगूट सोडत नाही. पण तिच्या घरी जायचं कसं, पत्र तरी घालायचं कसं? आपणच लिहिलेली ती ओळ शकुन रोज काढून वाचायची.

दहाव्या दिवशी संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं आलं, तेही हेमाच्या सासूचं. शारदाबाईंनी महाराष्ट्र मंडळाची यादी मिळवून ओळख नसलेल्या बायकांनाही बोलावलं होतं. शकुन गेली.

"आमच्या हेमाला ओळखता का?" शारदाबाईंनी विचारलं.

"नाही. आजच भेटतेय."

हेमाने मान वर करून पाहिलं.

"ती बंगाली शिकतेय," शारदाबाई कौतुकाने म्हणाल्या. "तुम्ही इथल्याच, जरा पारखून बघा. मला मेलं अक्षर कळत नाही त्यातलं."

हेमाने शकुनच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि सावकाश म्हणाली, "दीदी, काल थेके आबार आशबो." उद्यापासून पुन्हा येईन.

शकुनचे डोळे भरून आले. तरी तोंड उघडण्याआधी तिने मागे वळून कोण कोण बसलंय ते पाहून घेतलं.

"बोलते छान," ती शारदाबाईंना म्हणाली. "फक्त वर्ग बुडवू देऊ नका."